रक्त तपासले, पोटाचे कोण विचारणार?

वाचकहो, आजचा विषय सकाळच्या चहाबरोबर वाचण्याजोगा नाही. तो शौचाचा आहे. असा विषय या सदरात आला की काही मंडळी नाक मुरडतात, हे मला माहीत आहे. तरीही तो मांडतो आहे. या एका गोष्टीबद्दल कोणीच न बोलल्यामुळे माझ्या ओळखीच्या घरातला एक तरुण मुलगा गेला आणि न बोलणाऱ्यांत मीही होतो.

मनोविकारावरच्या काही औषधांमुळे आतडी मंदावतात. साधे बद्धकोष्ठ म्हणून त्याकडे काणाडोळा केला, तर एखाद्या रुग्णाचे आतडे पूर्ण बंद पडते आणि तो दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. हे बहुतेक वेळा टाळता येते. त्यासाठी सुरुवातीला महागडी तपासणी लागत नाही, एक प्रश्न विचारावा लागतो. तो आपण विचारत नाही, ही माझी आजची तक्रार. ती आधी माझ्याविरुद्ध आहे, मग माझ्या व्यवसायबंधूंविरुद्ध. घरच्या मंडळींना मात्र विनंती आहे.

पोटात दगड

गोष्ट २०१९ सालची. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. मुलाचे वय चौतीस. एकविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कानात आवाज यायचे, शेजारी विष घालतात असे वाटायचे, रात्र रात्र तो घराबाहेर असायचा. आधी देवऋषी झाले, मग डॉक्टर. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही फरक पडेना. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणच्या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोझापिन सुरू केले. सात-आठ महिन्यांत मुलगा माणसात आला. थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीत बसू लागला, दळणाचे डबे ओळखून ठेवू लागला, सुट्टे पैसे चुकेना. त्याची आई दवाखान्यात आली की म्हणायची, "डॉक्टर, माझं पोरगं परत मिळालं बघा."

हा मुलगा विड्या फार ओढायचा. येईल तेव्हा मी त्याला त्यावरून बोलायचो. अखेर त्याने त्या सोडल्या. मी त्याची पाठ थोपटली. त्यानंतर साधारण दीड महिन्याने, एका सोमवारी, आई त्याला घेऊन आली.

"डॉक्टर, दोन दिस झाले जेवंना. पोटात दगड भरल्यात म्हणतो."

मी काय केले ते स्पष्ट सांगतो. 'पोटात दगड' हे शब्द ऐकले आणि माझ्या मनात आले, आजार उलटला. मी त्याला झोप लागते का, आवाज येतात का, गोळ्या चुकल्या का, हे सगळे विचारले. शर्टावरूनच पोट चाचपले. बाहेर बाजारच्या दिवसाची गर्दी होती. पित्ताची गोळी दिली, कळ थांबायला डायसायक्लोमिनची गोळी दिली आणि मनोविकारतज्ज्ञांना लवकर दाखवून घ्या, असे सांगितले. शेवटचे शौचाला कधी झाले, हे मी विचारले नाही.

बुधवारी रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. पोट नगाऱ्यासारखे ताणले होते. मी हात लावला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. गाडी करून जिल्ह्याला पाठवले. एक्स-रेमध्ये मोठे आतडे फुगून छातीच्या पडद्याला भिडलेले होते. शस्त्रक्रिया झाली तेव्हा आतड्याचा बराच भाग काळा पडला होता. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. मृत्यूच्या दाखल्यावर जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचे लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण जंतुसंसर्ग कशाने झाला, आतडे का बंद पडले, याचा त्यात एक शब्दही नव्हता.

चौकशी केली तेव्हा भावाला आठवले की आठ-नऊ दिवस तो संडासात फार वेळ बसायचा आणि तसाच परत यायचा. कोणी विचारले नाही. चौतीस वर्षांच्या माणसाला असे कसे विचारायचे?

महिन्याभराने आई फाइल घेऊन आली. पाच वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत. "एकबी तपासणी चुकवली न्हाई, डॉक्टर. मग गेला कशानं?"

रक्ताची भीती कुठून आली

तिच्या फाइलीत रक्ताचेच कागद का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. क्लोझापिन १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात वापरात आले. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या, साध्या संसर्गाशी लढण्याची ताकद उरली नाही आणि त्यांतले काही मरण पावले. औषध अनेक ठिकाणी मागे घेतले गेले. पुढे १९८८ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले की इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन खरोखर उजवे ठरते. त्यानंतर अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.

ती अट योग्यच होती. तिने असंख्य जीव वाचवले. पण तिचा एक अवांतर परिणाम झाला. डॉक्टर, नर्स, नातेवाईक, सगळ्यांच्या डोक्यात 'क्लोझापिन म्हणजे रक्त' एवढेच समीकरण पक्के बसले. पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक आला की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. आणि त्याच वेळी त्या रुग्णाचे आतडे कसे चालले आहे, याची नोंद कुठल्याच कागदावर नसते.

आतड्यात नेमके काय होते

आपले आतडे आतला माल स्वतःच्या आकुंचन-प्रसरणाने पुढे ढकलते. ही लाटेसारखी हालचाल मज्जातंतूंच्या संदेशांवर चालते आणि त्यांतला एक महत्त्वाचा संदेशवाहक म्हणजे असेटिलकोलीन हे रसायन. क्लोझापिन मेंदूत काम करते, तसे आतड्यातही या रसायनाचा संदेश अडवते. सिरोटोनिन नावाच्या दुसऱ्या संदेशवाहकालाही अडवते. परिणामी लाटा मंदावतात.

साखर कारखान्याची गव्हाण आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिली आहे. आतला पट्टा हळू झाला आणि बाहेरून उसाच्या गाड्या येतच राहिल्या, तर काय होईल? मोळ्या साचत जातील आणि शेवटी सगळेच अडकेल. आतड्याचे असेच होते. मल साचतो, पाणी शोषले जाऊन दगडासारखा घट्ट होतो, मागचे आतडे फुगते, फुगलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, भिंत काळी पडते किंवा तिला भोक पडते. मग विष अंगात पसरायला फार तास लागत नाहीत. उलटी श्वासनलिकेत जाऊनही माणूस दगावतो.

त्या मुलाने 'पोटात दगड भरलेत' असे सांगितले होते. भ्रम म्हणून मी जे ऐकले, ते जवळजवळ अचूक निदान होते.

आकडे काय सांगतात

हा प्रकार अगदी क्वचित घडतो, असे आम्ही समजत होतो. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००८ साली क्लोझापिनमुळे आतडे गंभीररीत्या मंदावल्याची १०२ प्रकरणे तपासली. त्यांत २८ रुग्ण मरण पावले होते. म्हणजे चारांत एकापेक्षा जास्त. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील २२ वर्षांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. त्यात १६० गंभीर प्रकरणे आणि २९ मृत्यू आढळले. क्लोझापिन घेणाऱ्या १० हजार माणसांमागे सुमारे ३७ जणांना गंभीर त्रास, असा हिशेब निघाला. आणि ही फक्त कळवली गेलेली प्रकरणे. आमच्या मुलासारखी दाखल्यावर न आलेली त्यात धरलेली नाहीत.

२०१६ सालचा त्याच देशातला आणखी एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या बारीक खुणा रुग्णांना गिळायला दिल्या आणि त्या मोठ्या आतड्यातून किती वेळात पुढे जातात ते मोजले. मनोविकाराची इतर औषधे घेणाऱ्यांत हा वेळ साधारण २३ तास निघाला. क्लोझापिन घेणाऱ्यांत तो १०४ तास. एक दिवसाचे काम चार दिवसांवर गेले! क्लोझापिन घेणाऱ्या दर पाचांपैकी चौघांची आतडी मंद होती. आणि यांतले कित्येक जण विचारल्यावर 'मला काही त्रास नाही' असेच सांगत होते.

यातून आमच्या धंद्याला एक धडा मिळतो. रुग्ण तक्रार करील तेव्हा पाहू, हे धोरण इथे चालत नाही. स्किझोफ्रेनियाच्या कित्येक रुग्णांना दुखणे कमी जाणवते किंवा ते नीट सांगता येत नाही. आणि ज्याने सांगितले, त्याचे आपण काय करतो, ते वर लिहिलेच आहे.

ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये आणि अमेरिकेच्या नियंत्रकांनी जानेवारी २०२० मध्ये डॉक्टरांना याबद्दल पुन्हा बजावले. अमेरिकेचा इशारा मी वाचला तेव्हा त्या मुलाला जाऊन बरेच महिने झाले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एकटे क्लोझापिन गुन्हेगार नव्हे

क्लोझापिनचा धोका सर्वांत मोठा, पण ते एकटे नाही. क्लोरप्रोमाझिन हे १९५० च्या दशकातले जुने औषध, ओलान्झापिन हे नवे औषध, दोन्ही कमी-अधिक प्रमाणात आतडी मंदावतात. काही औषधांनी हातपाय ताठरतात किंवा थरथरतात, म्हणून जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते. ती गोळी थेट असेटिलकोलीनच अडवते. ती कित्येक रुग्णांना वर्षानुवर्षे चालू असते. तिची गरज संपली का, हे कोणी पाहत नाही.

यावर भर घालतो आम्ही जनरल प्रॅक्टिशनर आणि औषध दुकानदार. पोटात कळ आली, डायसायक्लोमिन. सर्दी झाली, क्लोरफेनिरामिन असलेली गोळी. खोकला आला, कोडीनचे औषध. अंग दुखले, ट्रॅमाडॉल. झोप नाही, अमिट्रिप्टिलिन. अशक्तपणा आला, लोहाच्या गोळ्या. या प्रत्येकाने आतडी आणखी जड होतात. मी त्या सोमवारी बंद पडत चाललेल्या आतड्याला आणखी एक खीळ घातली होती.

आणि विड्यांचे काय? तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिनचा निचरा लवकर करते. विडी-सिगारेट एकाएकी सोडली की हा वेग उतरतो आणि तीच गोळी, तोच डोस असूनही रक्तातले औषध वाढते. धूर सोडू नये असा याचा अर्थ नाही. जरूर सोडावा, पण मनोविकारतज्ज्ञांना सांगून सोडावा. ते डोस कमी करतील. रुग्णालयात भरती झाल्यावर विडी आपोआप सुटते, तेव्हाही हेच लागू आहे. तंबाखू चघळण्याचा या हिशेबाशी संबंध नाही, हा परिणाम धुराचा आहे. त्या मुलाच्या बाबतीत हेच कारण झाले, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण पाठ थोपटताना मी कागदाचा एक चिटोरा लिहून त्याच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवा होता.

"मग गोळ्या बंदच करतो!"

हे लिहिणार म्हटल्यावर माझ्या एका डॉक्टर मित्राने हरकत घेतली. "अरे, हे छापून आले तर लोक गोळ्या बंद करतील. आधीच आपल्याकडे मनोविकाराच्या औषधांना लोक घाबरतात." त्याची भीती खोटी नाही. म्हणून ठळकपणे सांगतो. क्लोझापिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ते एकाएकी थांबवले तर आजार जोरात उसळतो, मळमळ, उलट्या, घाम असा त्रासही होऊ शकतो. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर पुन्हा जुन्याच डोसने सुरू करणे धोक्याचे असते. अगदी थोड्यापासून चढवत न्यावे लागते. शिवाय या औषधाचे पारडे जड आहे, हे विसरू नये. ज्या फिनलंडमध्ये १९७५ साली हे औषध बदनाम झाले, त्याच देशाच्या २००९ सालच्या मोठ्या अभ्यासात मनोविकाराच्या औषधांपैकी क्लोझापिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. आत्महत्येचा धोकाही या औषधाने कमी होतो. त्या मुलाला गिरणीत बसवले ते याच गोळीने.

पण धोका लपवून ठेवल्याने औषधावरचा विश्वास वाढतो, हे मला पटत नाही. लोकांना रक्ताचा धोका सांगितला, तेव्हा त्यांनी गोळ्या फेकून दिल्या का? उलट त्या माऊलीने पाच वर्षे एकही तपासणी चुकवली नाही. पोटाचा धोका तिला सांगितला असता, तर तिने तोही तितक्याच काटेकोरपणे सांभाळला असता. तिला कोणी सांगितलेच नाही.

माझे म्हणणे

मनोविकारतज्ज्ञांना माझी हात जोडून विनंती आहे. क्लोझापिनच्या फाइलीत पांढऱ्या पेशींच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असू द्या, शौचाचा. रुग्णाला जुलाब होत नसतील, तर पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणारे औषध जोडीला द्या. बद्धकोष्ठ होण्याची वाट पाहू नका. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत २०१७ साली प्रसिद्ध झाली. सोनामुखीचा अर्क, मल मऊ करणारे डॉक्युसेट आणि गरज पडल्यास मॅक्रोगोल, असे स्वस्त आणि जुनेच औषध त्यात आहे. लहानशा प्रयोगात आतड्याचा वेळ ११० तासांवरून ६२ तासांवर आला. पूर्ण ठीक झाला नाही, पण अर्ध्याच्या जवळ आला. ही औषधे आपल्या तालुक्याच्या दुकानातही मिळतात.

माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरांना सांगणे आहे, की मनोविकाराचा रुग्ण पोटाची तक्रार घेऊन आला तर ती आधी पोटाचीच समजा. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते पाकीट हातात घेऊन पहा. शर्ट वर करून पोटाला हात लावा, गरज असेल तर गुदतपासणी करा, शंका आली तर उभ्याने पोटाचा एक्स-रे काढायला पाठवा. आणि कळ थांबवणारी गोळी लिहिताना दोनदा विचार करा.

शासनाकडेही एक मागणी आहे. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. अशा प्रत्येक ठिकाणी रुग्णाच्या तक्त्यावर ताप, नाडी आणि रक्तदाबाच्या खाली शौचाची एक ओळ असणे सक्तीचे करावे. त्याला निधी लागत नाही. अशी घटना घडली तर ती औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला कळवावी. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत दूरध्वनी आहे आणि तिथे रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात. नोंदच झाली नाही तर आपल्याकडे असे काही घडत नाही, असेच सगळे समजत राहतील.

घरच्यांनी काय करावे

आता घरातल्या मंडळींसाठी. हा भाग कापून कपाटाच्या दारावर चिकटवला तरी चालेल.

१. रुग्णाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव असते. त्यात क्लोझापिन आहे का, ट्रायहेक्सिफेनिडिल आहे का, ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा.

२. रोज विचारा, 'पोट साफ झाले का?' लाज वाटत असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर झाले त्या दिवशी त्यालाच फुली मारायला सांगा. बहिणीला, सुनेला, वडिलांना, कोणालाही हे करता येते. सलग दोन दिवस फुली नसेल, तर डॉक्टरांना कळवा. आठवडा जाऊ देऊ नका.

३. पाणी भरपूर, जेवणात भाजी आणि फळे, रोजचे चालणे, हे सगळे करावेच. पण क्लोझापिन चालू असताना एवढ्यावर भागत नाही. डॉक्टरांनी दिलेले पोट साफ होण्याचे औषध नियमित घ्यावे. 'सवय लागेल' म्हणून थांबवू नये.

४. इसबगोल आपल्याकडे घरोघरी असते. चालत्या आतड्याला ते चांगले. मंदावलेल्या आतड्यात मात्र ते नुसते फुगून बसते आणि अडथळा वाढवू शकते. या रुग्णांना ते स्वतःहून देऊ नका.

५. पोट फुगले आहे किंवा उलट्या होत आहेत, अशा वेळी एरंडेल, जुलाबाची गोळी किंवा एनिमा घरी मुळीच देऊ नका. बंद आतड्यावर जोर लावणे जिवावर बेतते.

६. पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. पोट ताणून घट्ट होणे, पोटात जोराने किंवा सतत दुखणे, उलट्या आणि त्यातही घाण वासाच्या, शौच आणि वारा दोन्ही न सरणे, जेवण एकदम तुटणे, बद्धकोष्ठासोबत ताप किंवा गुंगी.

७. बरेच दिवस बद्धकोष्ठ असताना अचानक पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर 'चला, मोकळे झाले' असे समजू नका. अडकलेल्या मलाच्या बाजूने पातळ मल झिरपत असतो. जुलाब थांबवायची गोळी अशा वेळी घातक ठरते.

८. कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही आजारासाठी गेलात तरी आधी सांगा, 'याला क्लोझापिन चालू आहे.' मनोविकार आहे हे सांगायला संकोच वाटतो, मला कळते. पण हे एक वाक्य गिळू नका. मनोविकाराच्या उपचारांबाबत बोलायला कोणी जवळ नसेल, तर १४४१६ या टेलिमानस सेवेवर मराठीत बोलता येते.

सुरुवातीचे काही महिने विशेष जपावे. पण पाच वर्षे काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. आमचा मुलगा सहाव्या वर्षात गेला.

त्या माऊलीला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. नंतर एकदा तिच्या घरी जाऊन सगळे सांगितले, माझ्या गोळीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुसऱ्या पोरांच्या आयांना सांगा." ती आजही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडेच येते. दवाखान्यात कोणी मनोविकाराचा रुग्ण बसलेला असला, तर आपला नंबर सोडून त्याला आधी आत पाठवते आणि माझ्याकडे बघते. मी पहिला प्रश्न काय विचारतो, हे तिला ऐकायचे असते.

तुमच्या घरात, शेजारात, भावकीत असा कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्याला तो प्रश्न विचारा.